अर्ध्या चढावरची झोप

बसा, बसा. त्या गोल दगडावर टेकलात तरी चालेल, तो त्यासाठीच आहे. पाणी प्या. वर दिसतंय ते आर्मोझाक गाव, खाली चकाकतेय ती सूझ नदी, आणि आपण बरोबर मधे. धड गावात नाही, धड नदीवर नाही. येणारा प्रत्येक पाहुणा धापा टाकत मला एकच विचारतो, "अहो, गाव सोडून इथे अर्ध्या चढावर चर्च कुणी बांधलं?" वर्षानुवर्षं मी हेच सांगत आलोय, आणि हल्ली दम मलाही लागतो. तेव्हा तुम्ही दम खा, मी सांगतो.

फ्रान्समधलं हे अगदी चिमुकलं गाव. कचेरी म्हणजे दोन खोल्या, आणि महापौर सकाळी पाव भाजतात नि दुपारी सह्या करतात. पूर्वी मात्र गाव भरलेलं होतं. लढायांच्या काळात शत्रू लांबून दिसावा म्हणून घरं उंचावर बांधली आणि पाणी राहिलं खाली, त्यामुळे इथल्या माणसाचा जन्म चढण्यातच जातो. गावाच्याही वर तो बोडका माथा पाहा. तिथे गवतात बुडालेलं एक अर्धवट जोतं आहे. गोष्ट त्या जोत्याची आहे.

केव्हाची, ते कुणालाच ठाऊक नाही. गावात साथ आली. लोकर घेऊन नदीनं येणाऱ्या होड्यांतून ती आली, असं सांगतात. घरात एक आडवा झाला की बघता बघता घर ओस पडायचं. तेव्हा गावचा कारभारी होता गास्पार. माणूस वाईट नव्हता, पण भारी मानी. समोरच्या डोंगरावर शेजारच्या गावाचं चर्च अगदी माथ्यावर उभं आहे, हे त्याच्या डोळ्यांत सलायचं. भर चौकात तो नवस बोलला, "आम्हीही माथ्यावर चर्च बांधू. दर घरानं नदीतला एक दगड आपल्या हातानं वर न्यायचा. घरात जिवंत हात असेल तोवर दुसऱ्याचा हात चालणार नाही. शेवटचा दगड बसला की साथ हटेल." लोक घाबरलेले होते, सगळे हो म्हणाले.

इथेच घोडं अडलं. नवस बोलला तेव्हा गाव अजून बरंचसं भरलेलं होतं, आणि दगड वाहायची वेळ आली तेव्हा निम्म्या घरांना कुलपं. ज्या घरी हातच उरला नाही, त्या घरचा दगड कुणी न्यायचा?

ते दगड पेरीननं नेले.

पेरीन म्हणजे गावातली एक म्हातारी विधवा. मेलेल्यांना आंघोळ घालणं, कफन शिवणं हे काम तिच्याकडे होतं. आजाऱ्याच्या उशाशी बसायला दुसरं कुणी धजत नसे, ही बसायची. आणि जाणारा माणूस तिचा हात धरून म्हणे हेच विचारायचा, "आमच्या दगडाचं काय गं?" काय सांगणार बिचारी! "मी नेईन. तू नीज," म्हणायची. असं तिनं किती जणांना म्हटलं देव जाणे. पण बाई शब्दाची पक्की. मढी धुऊन झाली की पाठीला टोपली बांधायची आणि नदी ते माथा, माथा ते नदी. "पुरे गं आता," कुणी म्हणालंच तर उलट विचारायची, "हे मेलेल्याला कोण सांगणार, तू?"

स्वतःच्या घरचा दगड तिनं शेवटी ठेवला होता. घरात माणसं दोनच, ती आणि तिची नात ओदील. ओदीलचे नुकते कुठे दुधाचे दात पडू लागले होते. आपण धडधाकट आहोत, आधी गेलेल्यांचं उरकू, असं पेरीननं मनाशी धरलं होतं. आणि बाकी सगळे दगड वर पोचले, नेमकी त्याच सकाळी ओदील तापानं फणफणली. गळ्याशी गाठ आली. ही गाठ पेरीननं इतक्या जणांच्या गळ्याशी पाहिली होती की तिला कुणी काही सांगायला नको होतं.

पोरीला दोन घोट पाणी पाजून ती नदीवर आली. इतरांसाठी पाठीला झेपतील असे दगड ती निवडायची. आज मात्र वाटलं, आपल्या पोरीच्या जिवाचा प्रश्न, लहान दगड घेतला तर देव काय म्हणेल? म्हणून मोठा उचलला. कशीबशी इथवर आली आणि पाय थांबले. वर माथा दिसत होता, डोळ्यांसमोर ओदील दिसत होती, जीव नुसता तुटत होता, पण पाय काही केल्या उचलेनात. तिनं टोपली सोडली, दगड खाली ठेवला आणि त्यावर बसली.

वर सगळं गाव शेवटच्या दगडाची वाट बघत होतं. गास्पार तरातरा खाली आला.

"पेरीन, ऊठ! एकच राहिलाय. तुझ्याच नातीसाठी सांगतोय."

"मला काय ठाऊक नाही?"

"मग ऊठ की!"

"उठवत नाही रे. मन केव्हाच वर गेलंय, हे शरीर येत नाही. देवाला इतकीच घाई असेल तर त्यानं चार पावलं खाली यावं."

गास्पार चिडला. दगडाला हात घालायला वाकला, मग स्वतःचाच नवस आठवून मागे सरला. तिची समजूत घालायची म्हणून शेजारी बसला. बसला मात्र, आणि त्याच्या लक्षात आलं की साथ आल्यापासून आपण असे बसलोच नव्हतो. दोन मुलगे पुरले होते त्यानं. बसलं की ते आठवतील, या भीतीनं तो उभाच राहिला होता. आता त्याला रडू फुटलं, आणि रडता रडता त्याचा डोळा लागला. इतका वेळ काय झालं म्हणून एकेक जण बघायला उतरला. जो आला तो टेकला, जो टेकला तो आडवा झाला. भर दुपारी, उन्हात, उरलंसुरलं सगळं गाव या उतारावर झोपलं.

पेरीन शेवटपर्यंत जागी होती. उशाशी बसायची सवयच ना तिला! सगळ्यांचे श्वास संथ झाले, तेव्हा तीही खाली सरकली, दगडाला डोकं टेकलं. घटकाभर पडते, मग उचलते, एवढंच तिच्या मनात होतं.

उन्हं कलली. वर घरात ओदीलला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. हाका मारल्या, कुणी ओ देईना. धडपडत बाहेर आली, तर गल्ल्या रिकाम्या. भिंती धरधरून ती चढ उतरली आणि बघते तर काय, सगळं गाव आडवं पडलेलं. मेलेली माणसं त्या पोरीनं पुष्कळ पाहिली होती. आजी करायची तसं तिनं केलं, एकेकाच्या कपाळाला हात लावला. पहिला गास्पार. कपाळ उबदार लागलं. "ऊठ," ती म्हणाली, आणि तो उठून बसला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. एकेक करत सगळे उठले.

शेवटी आजी. तिचं कपाळ गार होतं.

पोरीनं हात तसाच ठेवला आणि म्हणाली, "हिला नका उठवू. ही खूप दमलीय." मग आजीच्या कानाशी वाकली. "मी नेईन. तू नीज." आणि तापातून उठलेली ती काडीएवढी पोर दगडाला दोन्ही हात घालून ओढू लागली.

गास्पारला ते बघवेना. त्यानं तिचे हात सोडवले. "राहू दे पोरी," तो म्हणाला, "शेवटचा दगड बसला. इथेच बसला."

दुसऱ्या दिवसापासून माथ्यावरचे दगड इथे खाली यायला लागले, जोतं तेवढं वर राहिलं. चर्च बुटकं झालं, समोरच्या गावातून ते दिसतसुद्धा नाही. त्यानंतर गावात नवा कुणी आजारी पडला नाही, असं सांगतात. नवसानं की साथ आपोआप ओसरली, ते मला विचारू नका.

पेरीनचा दगड भिंतीत घातला नाही, तिनं ठेवला तिथेच आहे. सुगी संपल्यावर एका दुपारी आजही सगळं गाव दुकानं बंद करून या उतारावर येऊन झोपतं, महापौरसुद्धा. गावातलं सगळ्यांत लहान चालतं मूल कपाळाला हात लावून एकेकाला उठवतं. हल्ली गावात मुलंच नाहीत, शाळाही बंद झाली. गेल्या वर्षी शेजारच्या गावातून एक मुलगी मागून आणावी लागली. सगळ्यांना उठवून ती या दगडापाशी आली, हात ठेवला आणि आमच्याकडे वळून विचारलं, "हिला?" आम्ही सगळे एकदम म्हणालो, "नको, तिला झोपू दे."

ऊन उतरायला लागलं. खाली तुमची गाडी थांबली असेल, मलाही घरी जायचंय. पण या दगडावर बसलेल्या माणसाला ऊठ म्हणायची आमच्या गावात पद्धत नाही. तुम्ही बसा.