राजाच्या मुठीतले ऊन

एका राज्यात सूर्य उगवत असे, पण ऊन पडत नसे. दिवस उजाडे तो राखेच्या रंगाचा. ज्वारीला कणसे येत, पण दाणा भरत नसे. लेकरांच्या पायांची हाडे ओल्या काडीसारखी वाकत. आणि ऊन कुठे गेले, हे साऱ्यांना ठाऊक होते. ते राजा मकरंदसेनाच्या मुठीत होते.

काळ्या डोंगरावरच्या मांत्रिकाने त्याला सूर्यकांत मणी नजर केला होता. सरळ धरला तर तो नुसता केशरी, मंद दिसे; जरासा तिरपा केला, की आतले तांब्याचे कण एकदम पेटून उठत, निखाऱ्यावर फुंकर घालावी तसे. एकदा पाहिले की पुन्हा पाहावेसे वाटे. राजा दिवसभर मणी फिरवीत बसे, आणि तो फिरे तसतसे रानामाळावरचे ऊन त्यात ओढले जाई.

राजाची थोरली बहीण इरावती लेकीला कडेवर घेऊन दरबारात आली.

"राजा, मणी खाली ठेव."

"अक्का, बघ तरी! आत्ता कसा पेटला!"

"माझी शालवी उभी राहत नाही. गावोगावची लेकरं उभी राहत नाहीत. तुला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे," मान वर न करता राजा म्हणाला. "उद्या ठेवतो."

इरावतीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ठाऊक नसते तर तिने समजावले असते. तिने मण्यावर झडप घातली. पण तो राजाच्या तळव्याला असा चिकटला होता, की हलेना.

तेव्हा तटावर बसलेला भारद्वाज पक्षी बोलला, "बाईसाहेब, शापित मणी ओढून सुटत नाही. मांत्रिकाच्या छिन्नीनेच तो फुटतो."

लेकीला दाईपाशी ठेवून इरावती निघाली. वाटेतल्या गावांत माणसे उंबऱ्यावर गप्प बसलेली दिसली. कोणी रडत नव्हते, कोणी शिव्याही देत नव्हते. ते पाहून तिचा संताप आणखी भडकला.

काळ्या डोंगरावर मांत्रिक मांडीवर छिन्नी घेऊन बसला होता. त्याच्या पाठीमागे तोंडे बांधलेल्या माठांची उतरंड होती, आणि माठांतून गांधीलमाश्यांसारखी घोंघों येत होती. इरावतीने छिन्नी मागितली.

"तीन कामं कर, छिन्नी ने," मांत्रिक म्हणाला. "डोंगराच्या मुखातला निखारा आण."

इरावतीने तो उघड्या हाताने आणला. हात भाजला, तरी तिने तो खाली टाकला नाही.

"या काचमण्यांच्या राशीतून खरा सूर्यकांत निवड."

राशीतले सारेच मणी चमचमत होते. इरावती एकेक उचलून फिरवू लागली. खोटे मणी कसेही धरले तरी चमकत. एकच असा निघाला, जो विझला, आणि एका कोनात आल्यावर सबंध पेटला. तिने तो मांत्रिकापुढे आपटला.

"आता शेवटचं," मांत्रिक गोड हसला. "तुझा राग मला दे. हलकी हो, सुखाने घरी जा. तुझ्या भावाची सारी प्रजा आपला राग देऊन गेली."

इरावतीने माठांकडे पाहिले. उंबऱ्यांवरची ती गप्प माणसे तिला आठवली.

"राग दिला, तर छिन्नी उचलायची कोणी?" ती म्हणाली, आणि उतरंडीवर लाथ घातली.

माठ फुटले. कोंडलेला राग गर्जत बाहेर पडला आणि आपापल्या धन्याच्या घरी गेला. त्याच रागावर मांत्रिकाची विद्या पोसली होती. तो जागीच दगड झाला. इरावतीने त्याच्या मांडीवरून छिन्नी उचलली.

ती परतली तेव्हा राजवाड्यापुढे सारे राज्य उभे होते. पहारेकऱ्यांनी भाले टाकले. राजाची मूठ उघडून तिने ती चौथऱ्यावर दाबली. मण्यात एक सरळ रेघ असते, तिथेच तो दुभंगतो; तिच्यावर छिन्नी टेकवून तिने एकच घाव घातला. मणी उभा दुभंगला, आणि वर्षानुवर्षांचे ऊन लोंढ्यासारखे रानावर धावले.

"अक्का, क्षमा कर," राजा पायांशी कोसळला.

"मी नाही करणार," इरावती म्हणाली, आणि तिने त्याचा मुकुट उतरवला. "वाकल्या पायांच्या लेकरांना रोज पाठीवर घेऊन उन्हात ने. ती चालू लागली की त्यांनाच विचार."

इरावती गादीवर बसली. ज्वारी दाण्याने लवली. मकरंदसेन रोज सकाळी दारोदार जाई, ओणवा होई, आणि पहिली त्याच्या पाठीवर चढे ती शालवी. राणीचा राग काही निवला नाही. त्या राज्यात पुन्हा कोणी "उद्या" म्हणाले नाही. तिथे ऊन परतले, तसे ऐकणाऱ्यांच्या अंगणीही परतो.