जिजींची सकाळची गोळी

"पण जिजी, कोणता प्राणायाम केला म्हणजे गोळी लागणार नाही?"

जिजींनी मेथी निवडणं थांबवलं नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा लहानसा मठ होता. वय ऐंशीच्या पुढे. समोर बसलेला लीलाधर भंगाळे गेल्या अठरा वर्षांपासूनचा त्यांचा शिष्य. तालुक्याच्या गावी तो योगवर्ग चालवायचा. पहाटे सत्तर माणसं त्याच्या शब्दावर श्वास घेत आणि सोडत.

गावात तपासणी शिबिर झालं, तेव्हा लोकांची भीड चेपावी म्हणून त्यानंच पहिला हात पुढे केला. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे ऐंशी निघाला. त्यानं पुन्हा मोजायला लावला. आकडा तोच.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तडवी बाईंनी मीठ कमी करायला, रोज चालायला, पुरेसं झोपायला सांगितलं. सोबत रोज एक गोळी. महिन्याभरात दाब उतरला. हे आपल्या साधनेचं फळ, असं लीलाधरनं ठरवलं आणि गोळी बंद केली.

तिसऱ्या आठवड्यात वर्ग चालू असताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तो भिंतीला टेकून बसून राहिला. गुरुजींची समाधी लागली, असं लोकांना वाटलं. त्यानं ते वाटू दिलं.

दवाखान्यात आकडा एकशे नव्वदच्या वर होता. गोळी सोडल्याचं त्यानं तिथे सांगितलं नाही. त्याच्या मोठ्या भावाची उजवी बाजू अशाच दाबानं गेली होती. त्याला अजून घास भरवावा लागे.

हे सगळं लीलाधरनं जिजींना सांगितलं.

जिजींनी विचारलं, मीठ सोडलंस का? त्यानं मान डोलावली. भाजीत नावापुरतंच, म्हणाला.

"आणि बिबडे?"

"ते चालूच आहेत."

ज्वारीच्या त्या खारट पापडांशिवाय त्याचं जेवण होत नसे, हे मठात सगळ्यांना ठाऊक होतं.

गोळी बंद करताना डॉक्टरांना विचारलं होतंस का, हेही जिजींनी विचारलं. नव्हतं विचारलं.

"गोळ्या आणायचास कुठून?"

"पार चोपड्याहून."

"गावात मिळत नाहीत?"

"मिळतात..."

मेथीच्या काड्या बाजूला सारून जिजी उठल्या. हात धुतले. कोनाड्यातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तळहातावर घेतली आणि तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळली.

लीलाधर पाहत राहिला. कशाची गोळी, असं त्यानं हळूच विचारलं.

"तुझ्याच आजाराची. अकरा वर्षं झाली."

त्याला खरं वाटेना. जिजी पहाटे ओढ्यापर्यंत चालत जातात, अळणी जेवतात, दिवेलागणीनंतर लवकर निजतात, हे मठातल्या मुक्कामांत तो कितीतरी वर्षं पाहत आला होता. त्याला ते व्रत वाटायचं. ते डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य होतं, आणि जोडीला ही गोळीही.

"तुम्ही आम्हाला कधी कळू दिलं नाही, जिजी."

"सगळ्यांसमोरच घेते. तू त्या वेळी डोळे मिटून बसलेला असतोस."

लीलाधरनं मान खाली घातली. आजच तडवी बाईंकडे जा, जे झालं ते त्यांना खरं सांग आणि त्या म्हणतील तशी गोळी घे, असं जिजींनी बजावलं. चालणं सोडू नकोस, प्राणायामही सोडू नकोस, म्हणाल्या. तो हो म्हणाला. पायांवर डोकं ठेवून उठला, दारापर्यंत गेला.

तिथून परत आला.

"जिजी, एक विचारू?"

"विचार."

"साठ वर्षं ध्यान केलंत. तरी गोळी सुटली नाही. मग ध्यानानं सुटलं तरी काय?"

जिजींनी मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली.

"गोळी घ्यायची लाज."