बिळाच्या तोंडाशी आलेला आवाज

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक सायाळ आपल्या दोन पिलांसह बिळात राहत असे. त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. ओढे आटले होते आणि साऱ्या जंगलात एकाच डोहात पाणी उरले होते. तो डोह एक म्हातारा गवा राखत असे. कोणी कधी पाणी प्यायचे, हे तो डोहाजवळच्या कातळावर उभा राहून सर्वांसमोर सांगे. कोणाच्या दारी निरोप धाडण्याची त्याची रीत नव्हती. सायाळीला हे ठाऊक होते. पण मुलांनो, एकदा घाबरगुंडी उडाली की ठाऊक असलेलेही वेळेवर आठवत नाही.

एका दुपारी पिले झोपली असताना बिळाच्या तोंडाशी आवाज आला. बीळ वळणाचे असल्याने बोलणारा दिसत नव्हता. "सायाळबाई, मी गव्याकडून आलोय. तुमच्या दोन्ही पिलांच्या, त्या लंगड्या धाकट्याच्याही, पावलांचे ठसे डोहाकाठी नाहीत. ऊन उतरायच्या आत ते उमटले नाहीत, तर आजपासून तुमचं पाणी बंद."

सायाळीच्या अंगावर काटे असतातच. त्या वेळी ते सारे ताठ उभे राहिले. तिला दोन पिले आहेत आणि धाकटे लंगडते, हेही त्या आवाजाला माहीत होते. म्हणजे हा गव्यानेच धाडलेला असणार, असे तिला वाटले. झुडपात दडून बसणाऱ्यालाही एवढे सहज दिसते, हे त्या बिचारीच्या मनातही आले नाही. मीच पिलांना घेऊन येते, असे ती म्हणाली. त्याची गरज नाही, आवाज म्हणाला. पिलांना बिळाच्या मागच्या तोंडाने पाठवा, तिथे आमचा एक जण उभा आहे. तुम्ही इथून हलू नका, माझ्याशी बोलत राहा, आणि कोणाला काही सांगू नका. तहानेने जीभ बाहेर काढून पडलेली पिले तिच्या डोळ्यांपुढे आली. तिने दोघांना उठवले आणि मागच्या वाटेला लावले.

पिले अंधारात दिसेनाशी झाली, तसे तिला राहवेना. गव्याला एकदा विचारून येते, असे ती म्हणाली. "विचारायला गेलात, तर याच क्षणी पाणी बंद," आवाज गुरगुरला. तो आता मघासारखा अदबशीर नव्हता. सायाळीला एकदम तो कातळ आठवला. सर्वांसमोर बोलणारा गवा मला गुपचूप राहायला कशाला सांगेल? ती पुढे एक शब्दही बोलली नाही. आवाज हाका मारत राहिला, धमक्या देत राहिला. ती तशीच वळून मागच्या तोंडाकडे धावली.

थोरले पिलू बाहेर पडलेही होते. समोरच्या झुडपाखाली एक कोल्हा जमिनीला पोट टेकून टपला होता. त्याने झेप घेतली, तोच सायाळ काटे फुलवून पाठमोरी मधे घुसली. नाकात काटे रुतलेला कोल्हा केकाटत पळाला. ते ऐकून पुढच्या तोंडाशी बोलणारा त्याचा जोडीदारही पसार झाला. पिलू वाचले होते. सायाळीने त्याला आत धाकट्याजवळ नेले.

संध्याकाळी पिलांना पोटाशी धरूनच ती डोहावर गेली आणि तिने गव्याला सारे सांगितले. "मी कुणालाही पाठवलं नाही," गवा म्हणाला. "माझं काही सांगणं असेल, तर ते या कातळावरून."

काठावर एक सशीण एकटीच बसली होती. तिने पाण्याला तोंडही लावले नव्हते. "सायाळताई, काल तो माझ्या दाराशी आला होता," ती खाली मान घालून म्हणाली. "मी पाठवलं माझ्या पिलाला. ते परत आलंच नाही. सगळे मला वेडी म्हणतील, म्हणून बोलले नाही."

कोणीही तिला वेडी म्हटले नाही. सायाळीने आपली पिले आणखी घट्ट धरली. मग म्हातारा गवा कातळावरून खाली उतरला आणि सर्वांसमोर सांगता यावे म्हणून त्याने सशिणीला वर जायला वाट करून दिली.

तात्पर्य : पाणी तोडू, वीज तोडू अशी भीती दाखवून जो घाई करतो आणि कोणाला सांगू नका म्हणतो, त्याचे बोलणे तिथेच तोडावे व खरे-खोटे आपल्या ओळखीच्या ठिकाणी स्वतः विचारावे, आणि कधी फसलोच, तर ते लपवू नये, कारण फसवणाऱ्याच्या वाटेवरचे पुढचे दार शेजाऱ्याचे असते.