अण्णांची फक्की आणि आमची पायवाट

गावठाणाची मोजणी ड्रोनने होणार म्हणून ज्याने त्याने आपापल्या जागेभोवती चुन्याची फक्की मारली. माजी सरपंच बळवंतअण्णांनी आमच्या परसामागची, सासूबाई गोवऱ्या थापतात ती जागाही आपल्या रेघेत ओढून घेतली.

चावडीत मोजणीच्या साहेबांनी ड्रोनचा फोटो पडद्यावर लावून विचारलं, "इथं वहिवाट कोणाची?"

"आमचीच," अण्णा म्हणाले. "माझी माणसं रोज सकाळ-संध्याकाळ तिथं जातात. या बायका थापतात चार गोवऱ्या, मी काही बोलत नाही."

मी लग्न होऊन महिनाही न झालेली सून, सासूबाईंच्या मागे उभी. पण फोटो नीट बघत होते.

"साहेब, जरा मोठं करून दाखवता?"

आमच्या मागच्या दारापासून त्या जागेपर्यंत पांढुरकी पायवाट गेली होती. अण्णांच्या फाटकाकडून मात्र नुसतं हिरवंगार गवत, कुठे तुडवलेलंसुद्धा नाही.

"अण्णा," मी विचारलं, "तुमची माणसं रोज ड्रोनमध्ये बसून जातात का?"

सगळी चावडी हसली. साहेबांनी जागा आमच्याकडे लावली.

तेव्हापासून गोवऱ्या थापायचं काम माझ्याकडे आलंय. सासूबाई म्हणतात, "रोज जात जा गं, पायवाट बुजायला नको."