राहून गेलेल्या वर्षाचं नाणं

“त्या वर्षाचं एक नाणं मिळवून द्याल का, उस्ताद? एकच हवंय.”

हैदर उस्तादांनी मान वर केली नाही. शेजारणीचा पितळी तांब्या मांडीत धरून ते चिंचेने घासत होते. बत्तीस वर्षं टांकसाळीत नाण्यांचे साचे घासले, निवृत्त होऊन कराडला आले, आणि आता गल्लीतली भांडी घासतात. हाताला सवय लागली की ती कुठली सुटायला.

“कसलं नाणं?” त्यांनी विचारलं.

एवढं विचारायचाच अवकाश. नाशिकहून आलेल्या घैसास सरांमधला प्रोफेसर लगेच जागा झाला.

“प्रूफ नाणं. संग्राहकांसाठी पाडतात ते. टांकसाळ दरवर्षी आधी जाहीर करते, आपण नाव नोंदवायचं, मग मागणीपुरतीच नाणी पाडतात. साचा हिऱ्याच्या भुकटीने घासून आरसा करतात. कोरी चकतीसुद्धा चकाकवतात. मग मशीन तिच्यावर सावकाश दाब देतं, एकदा नाही, दोनदोनदा. बोट लागू नये म्हणून हातमोजे घालून कडेने उचलतात आणि डबीत बंद करतात. आपल्या हाती यायला सहा-आठ महिने जातात. तुम्हाला कदाचित हे...”

“सांगा, सांगा. चांगलं सांगताय.”

सर ओशाळले. आपण हे कुणाला शिकवतोय, ते त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

मग त्यांनी पिशवीतून लाकडी पेटी काढून उघडली. आत मखमलीवर ओळीने बसवलेल्या डब्या, प्रत्येकीत एक नाणं. फक्त एक खाच रिकामी होती.

“माझी मुलगी, केतकी. ती जन्मली त्या वर्षापासून दरवर्षी एक घेत आलो. तिच्यासाठी.”

“आणि ही खाच?”

“त्या वर्षी तिने मला न विचारता लग्न केलं. रागाच्या भरात मी नाव नोंदवलं नाही... पुढच्या वर्षीपासून पुन्हा नोंदवायला लागलो.”

“आणि बोलायला?”



तांब्यावर चिंच फिरत राहिली.

“सात वर्षं झाली,” सर म्हणाले. “तिला मुलगी आहे, पाच वर्षांची. मी पाहिलेली नाही. फोन वाजला की अजून वाटतं, तिचाच असेल. फार आठवण येते हो.”

“मग जायचं.”

“पेटी पुरी झाली की जाणार आहे. अशी अर्धवट कशी नेऊ? ती ही रिकामी खाच बघेल आणि म्हणेल, बाबांनी नेमकं माझं तेवढं वर्ष गाळलं.”

“राहते कुठे?”

“मिरजेला.”

उस्तादांचा हात थांबला. “नाशिकहून इथवर आलात,” ते म्हणाले. “इथून मिरज दोन तासांवर आहे.”

सरांनी पेटी आणखी पुढे सरकवली.

“वर्ष संपलं की त्या वर्षाचा साचा मोडतात, सर. ते माझं नोकरीतलं शेवटचं वर्ष. तो साचा माझ्यासमोर मोडला. आता ते नाणं पडायचं नाही.”

“पण तुमच्याकडे एखादं असेल ना? तुम्हीच तर...”

“आत जाताना खिशातली चिल्लरसुद्धा बाहेर काढून ठेवायला लागायची. माझ्याकडे एकही नाही.”

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या एका आशेवर ते इतक्या लांब आले होते.

उस्ताद उठले. हात स्वच्छ धुतले, पंच्याला पुसले आणि समोर येऊन बसले.

“यातलं पहिलं कुठलं? ती जन्मली त्या वर्षाचं?”

सरांनी घाईघाईने पांढरे हातमोजे चढवले, डबी उघडली आणि नाणं कडेने धरून पुढे केलं. किती जपून धरलं होतं, तान्ह्या बाळाला धरावं तसं.

उस्तादांनी आपला अंगठा नाण्याच्या बरोबर मधोमध टेकवला.

“अहो, काय करताय...” सर जवळजवळ ओरडलेच.

अंगठा उचलला गेला. नाण्यावर एक पुसट धुकट डाग राहिला. त्यात रेषा मात्र एकही नव्हती.

“घासून घासून गेल्या सगळ्या,” उस्ताद म्हणाले. “रेशनच्या दुकानातलं मशीन मला ओळखत नाही. दर महिन्याला भांडण.” मग ते जरा थांबले. “तुमचा उमटेल. काढा तो मोजा.”

एकतीस वर्षांत सरांनी या नाण्याला उघडा हात लावला नव्हता. त्यांनी नाण्यात पाहिलं. आतून एक थकलेला म्हातारा त्यांच्याकडे बघत होता.

त्यांनी हळूच उजवा हातमोजा काढला. अंगठा नाण्यावर ठेवला. ठेवला तो ठेवलाच, उचलवेना...

शेवटी उचलला, तेव्हा एकेक रेष स्पष्ट उमटली होती. मधली जुनी कापल्याची खूणसुद्धा. केतकीला पहिल्यांदा पेन्सिलीला टोक करून देताना ब्लेड लागलं होतं, त्याची ती खूण.

सवयीने सरांचा हात खिशातल्या मऊ फडक्याकडे गेला. उस्तादांनी त्यांचं मनगट धरलं.

“राहू द्या,” ते म्हणाले. “मिरजेची गाडी पावणेपाचला आहे.”