कुमुदने पाहिलेला पक्षी

फाल्गुन लागला की ज्याचा पाय घरात ठरत नाही, असा रमाकांत नावाचा एक तरुण कापडव्यापारी एका लहानशा गावी राहत असे. दुकान उघडण्याआधी रोज सकाळी तो गावाबाहेरच्या माळावर पक्षी पाहायला जाई. ही विद्या त्याला गावातल्या एका वृद्ध गुरुजींनी दिली होती. त्यांच्याबरोबर हिंडून हिंडून तो इतका तयार झाला होता, की झुडपात पान हलले तरी आत कोण बसले आहे ते सांगावे.

एकच गोष्ट त्याला सलत असे. त्याची पत्नी कुमुद लग्नानंतर मोठ्या हौसेने त्याच्याबरोबर माळावर येई. पण पुढे पुढे तिने येणे सोडले. कधी डोके दुखे, कधी घरी पाहुणे यायचे असत. शेवटी रमाकांत गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, मला जे इतकं आवडतं ते कुमुदला दाखवावं म्हणतो, तर तिला त्याची गोडीच नाही. किती समजावून सांगतो, तरी काही उपयोग होत नाही."

गुरुजी म्हणाले, "उद्या तिला घेऊन ये. मी बोलावलंय म्हणून सांग. मीही येतो बरोबर."

गुरुजींचा शब्द कुमुदला मोडवेना. दुसऱ्या दिवशी तिघे निघाले. सकाळ मोठी प्रसन्न होती. पळस पेटल्यासारखा फुलला होता, काटेसावरीच्या लाल फुलांवर साळुंक्यांची भांडणे चालली होती, आणि कुठूनतरी तांबटाची टुकटुक एकसारखी ऐकू येत होती.

रमाकांतला तर आज काय दाखवू आणि काय नको असे झाले. "तो बघ शिंजीर. अगं, तिकडे नाही, डावीकडे. गेला. हा आवाज ऐकलास? तांबट." त्याने दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावून स्वतःच फिरवली. एका बाभळीकडे पाहत ती आपणहून म्हणाली, "हा काळा किती ऐटदार आहे."

"कोतवाल तो. शेपटी दुभंगलेली असते त्याची. मागेही सांगितलं होतं तुला."

"हो का," कुमुद म्हणाली आणि तिने दुर्बीण त्याच्या हाती परत दिली. थोडे पुढे गेल्यावर तिने विचारले, "किती वेळ लागेल अजून?"

गुरुजी हे सारे पाहत होते. वाट माळाच्या चढाला लागली, तसे ते एकाएकी एका दगडावर बसले. "रमाकांत, पायात काटा मोडला रे. बघ जरा. कुमुद, तू हो पुढं. त्या पळसापर्यंत जा सावकाश, आम्ही येतोच."

कुमुद एकटी पुढे गेली. रमाकांतने गुरुजींचे पाऊल मांडीवर घेतले आणि तो काटा शोधू लागला. टाच पाहिली, बोटे पाहिली, काटा काही सापडेना. इतक्यात चढापलीकडून कर्कश आवाज आला. रमाकांतने कान टवकारले. नीलपंख, आणि तोही वसंतातल्या खेळाच्या रंगात आलेला. कुमुदला तो ओळखू येणार नाही, कुठे पाहायचे ते कळणार नाही. तो धडपडत उठू लागला. गुरुजींनी त्याचा खांदा घट्ट धरला.

"काटा," ते म्हणाले.

"गुरुजी, पायात काटा नाहीच."

"नाहीच. बस खाली." गुरुजींनी पाऊल काढून घेतले. "मला सांग, तुला पहिला पक्षी कुणी दाखवला?"

"कुणी नाही. लहानपणी मामांच्या विहिरीवर खंड्या दिसला होता. पाण्यात असा सूर मारला त्यानं..." बोलता बोलता रमाकांतचा चेहरा उजळला. "त्याचं नाव मला फार उशिरा कळलं."

"आणि तोवर?"

"तोवर मी रोज विहिरीवर जायचो."

"तेवढं नवल तू तिला एक सकाळसुद्धा लाभू देत नाहीस, बाबा. पक्षी तिच्या दृष्टीस पडायच्या आत तुझं बोलणं तिच्या कानी पडतं. मग तिनं पाहायचं काय? प्रेमानं करतोस, हे मला दिसतं. पण आनंद दुसऱ्याच्या हाती ठेवता येत नाही; त्याला तो सापडेल एवढी जागा मोकळी सोडता येते. मी वाटेत इतका चष्मा पुसत का बसायचो, कधी विचार केलास?"

रमाकांत त्यांच्या चष्म्याकडे पाहू लागला. एवढी वर्षे त्याला वाटत होते, की म्हातारपणामुळे गुरुजी मागे पडतात आणि म्हणून पक्षी आधी आपल्याला दिसतात.

तेवढ्यात कुमुद चढावरून धावतच आली. पदर खोचलेला, श्वास लागलेला. "अहो, तिथं एक पक्षी आहे. बसला होता तेव्हा अगदी मातकट, मी लक्षही दिलं नसतं. आणि उडाला तर पंखांत सगळी निळाई. वर चढत गेला, चढत गेला आणि मग कोलांट्या घेत खाली पडला की हो. मला वाटलं मेला. तर पुन्हा वर. तुम्ही पाहिलाय कधी असा?"

नाव रमाकांतच्या ओठांवर आले होते. त्याने ते गिळले.

"तू पाहिलास तसा नाही पाहिला," तो म्हणाला, आणि ते खरेच होते. "मला दाखवशील?"

तिने त्याचा हात धरला आणि ती त्याला ओढतच चढावर घेऊन गेली. रमाकांत तिच्या मागून, तिचे बोट जाईल तिकडे पाहत चालला. गुरुजी दगडावरच बसून राहिले; त्यांना उठायची काही घाई नव्हती.

आपल्या माणसाला काही दाखवायला निघावे, तेव्हा दोन पावले मागे राहणे जमले पाहिजे.

त्या पक्ष्याचे नाव कुमुदने त्या दिवशी विचारलेच नाही. विचारले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, रमाकांत उठून बाहेर आला तेव्हा, आधीच चपला घालून दारात उभी राहून.