बंद झालेली दमडी

फार पूर्वी, मोठ्या नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या एका राज्यात एक हिशेबी कारभारी होता. खजिन्यातून फुकट काही गेलं की त्याला जेवण गोड लागत नसे.

एकदा टांकसाळीचा खर्च तपासताना तो चमकलाच. एक दमडी घडवायला दोन दमड्यांचं तांबं आणि कोळसा लागत होता!

तो तडक राजाकडे गेला. "महाराज, दमडीत हल्ली येतं तरी काय? बंद करून टाकू. चार दमड्यांचा पैसा आहेच की."

राजाला पटलं. दवंडी पिटली गेली. घरोघरच्या दमड्या गोळा करून वितळवल्या. खजिन्यात भर पडली आणि दरबारात कारभाऱ्याची वाहवा झाली.

पुढे काही महिन्यांनी तो घोड्यावरून एकटाच मुलूख पाहायला निघाला. दुपारी नदीवर पोचला, तर घाटावर एक म्हातारी पदर हलवून पलीकडच्या नावाड्याला हाका मारत होती. तिचा घसा पार बसला होता. नावाडी मात्र झाडाखाली स्वस्थ बसलेला.

"आजी, तो येत का नाही?"

"चार माणसं जमल्याशिवाय नाव सोडत नाही, बाबा. आधी माणशी एक दमडी घ्यायचा. आता चौघांत मिळून एक पैसा. मी सकाळपासनं एकटीच उभी आहे."

"मग अख्खा पैसा द्यायचा!"

म्हातारी त्याच्याकडे वळली. "असता तर उभी राहिले असते का?"

कारभाऱ्यानं घोडा थेट पाण्याच्या कडेला नेला आणि जोरात हाक दिली. घोडेस्वार दिसताच नावाडी धडपडत उठला आणि नाव घेऊन आला. घोडा घाटावर बांधून दोघं नावेत बसली. म्हातारी सारखी पलीकडे बघत होती.

"एवढी कसली घाई, आजी?"

"मी सुईण आहे. कोष्ट्याची सून अडली आहे. सकाळच्या नावेतून निरोप आला, तशी निघाले." मग ती पुटपुटली, "कुणा शहाण्याला दमडी नकोशी झाली, देव जाणे!"

 नावाड्याच्या हातून वल्हं काढून घेऊन कारभारी स्वतः जीव खाऊन वल्हवू लागला.

काठ लागताच म्हातारी पळत सुटली. तिच्यामागे कारभारी, त्याच्यामागे नावाडी. कोष्ट्याच्या अंगणात बायका गप्प उभ्या होत्या. सुईण आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"आई वाचली," ती म्हणाली. "बाळ रडलंच नाही."

नावाडी मटकन खाली बसला. "मला पलीकडे एकच माणूस दिसत होतं," तो म्हणाला. "मला काय ठाऊक ती कशाला निघाली होती! म्हटलं, अजून तिघं येऊ देत."

 कारभाऱ्यानं नावाड्याला दोष तरी कुठल्या तोंडानं द्यावा? तो तसाच मागे फिरला.

दरबारात त्यानं घडलेलं सगळं सांगितलं. "महाराज, चूक माझी आहे. दमडी पुन्हा सुरू करा."

एक मानकरी हसला. "एका बाळासाठी राज्यानं कायमचा तोटा सोसायचा?"

कारभारी त्याच्याकडे वळला. "हे आपल्याला कळलेलं एक. न कळलेली किती, सांगता येईल? दमडी घडवायला खर्च एकदाच येतो. नंतर ती वर्षानुवर्षं हातोहात फिरते, कुणाला मीठ देते, कुणाला नदीपार नेते. मी तिचा खर्च पाहिला, तिचं फिरणं पाहिलंच नाही."

मानकऱ्याचं हसू मावळलं.  राजानं टांकसाळीच्या भट्ट्या पेटवायला सांगितलं.

थोड्याच दिवसांत नावाडी एकट्यादुकट्यासाठीही नाव सोडू लागला. कोष्ट्याच्या घरातला पाळणा मात्र त्या वर्षी माळ्यावरच राहिला. त्या गल्लीतून जायची वेळ आली की कारभारी घोड्यावरून उतरून, मान खाली घालून चालत जाई.

तात्पर्य: एखादी लहान वस्तू मोडीत काढण्याआधी तिच्यावर खर्च किती होतो एवढंच पाहू नये, ती नसेल तर कुणाचं काय अडेल, हे आधी जाऊन पाहावं.